अस्थिर आयडलिंग (जुन्या स्पोर्ट्स कारमधील)

अस्थिर आयडलिंग : अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडी न्यूट्रलमध्ये उभी राहिली, की इंजिन ज्या किमान गतीने स्वतःला फिरते ठेवते, ती गती म्हणजे आयडलिंग. सातारा-सांगलीच्या गॅरेजांत तिला नुसते ‘स्लो’ म्हणतात. ही लय मोडली, इंजिन थरथरू लागले, हुंदके देऊ लागले किंवा चौकात थांबताच बंद पडू लागले, की ‘गाडी स्लोला टिकत नाही’, ‘मिसिंग मारते’ अशी तक्रार घेऊन मालक येतो. हा बिघाड म्हणजे फक्त खूण. मूळ दोष हवा, पेट्रोल, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाणे) यांपैकी कुठेतरी दडलेला असतो.

स्लोला थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन अगदी थोड्या हवेवर तग धरून असते. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांपर्यंत मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधल्या सुईएवढ्या फटीतून आत शिरणारी हवा ताशी ८० किलोमीटर वेगाला जाणवतही नाही. स्लोला मात्र तेवढीच हवा पेट्रोल-हवेचे सगळे मिश्रण बिघडवते. म्हणून ‘रेस दिली की चांगली चालते’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. उलट ते वाक्य फार उपयोगाचे असते, कारण त्यातून दोष कुठे शोधायचा याची दिशा कळते.

स्पोर्ट्स कारचे स्लो मुळातच थोडे रांगडे असते. वरच्या गतीला ताकद मिळावी म्हणून तिच्या कॅमशाफ्टची घडण अशी असते, की आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकदमच उघडे राहतात. कमी गतीला त्या वेळात जळालेला वायू थोडा परत आत येतो आणि ताज्या मिश्रणात मिसळतो. त्यात हवेत पेट्रोल मिसळणारे कार्बोरेटर दोन-दोन असले, तर दोघांची हवा सारखी असावी लागते. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी गाडीचे १७९८ सीसी इंजिन असेच आहे. बहुतेक वर्षांच्या गाड्यांना एसयू जातीचे दोन कार्बोरेटर असत. अशा गाडीकडून आजच्या हॅचबॅकसारखे न जाणवणारे स्लो मागणे रास्त नाही. पण काल नव्हती ती थरथर आज आली असेल, तर तो स्वभाव नव्हे, दोष आहे.

केव्हा बंद पडते?

निदानाची सुरुवात पान्यापासून करू नये, वहीपासून करावी. गाडी थंड असताना बंद पडते की तापल्यावर? चढावर की उतारावर? ब्रेक दाबताना की वळणावर? पुन्हा चालू व्हायला किती वेळ घेते? या नोंदी हातात असतील, तर अर्धे काम झालेले असते. सातारा जिल्ह्यात अशा नोंदी करण्याची सोय रस्त्यांनीच करून ठेवली आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर, महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना थोड्याच अंतरात जवळपास सहाशे मीटर चढावे लागते. साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर शांत उभी राहणारी गाडी या घाटात आपला खरा दोष दाखवते.

पाचगणीच्या बाजारात गाडी दहा मिनिटे उभी केली, परत चालू केली, ती झाली, पण स्लोला थांबेना, असा प्रकार झाला तर बहुधा कार्बोरेटरच्या वाटीत साठलेले पेट्रोल उकळलेले असते. गाडी बंद केल्यावर पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात आणि इंजिनाची उष्णता वर कार्बोरेटरकडे चढते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पेट्रोल लवकर उकळते, वाटीतून ओव्हर होऊन मॅनिफोल्डमध्ये उतरते आणि मिश्रण दाट होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पंप करू नये. पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टर मारावा. टाकीपासून गाडीतल्या पेट्रोल पंपापर्यंतच्या नळीतच वाफ अडकली, तर उलट पेट्रोलच पोहोचत नाही. तिथे पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुना उपाय अजूनही उपयोगी पडतो. कायमचा इलाज म्हणजे कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड पॅकिंगचा तुकडा, एक्झॉस्टच्या बाजूला पत्रा, आणि नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे.

अर्ध्या तासाने बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच ‘सूं’ असा आवाज येऊन पुन्हा चालते, तर टाकीचा हवा घेण्याचा मार्ग बुजला आहे. ब्रेक दाबताना स्लो कोसळत असेल, तर ब्रेकला जोर देणाऱ्या व्हॅक्यूम सर्व्होचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी. ही गोष्ट स्लोच्या तक्रारीखाली लपू देऊ नये. उतारावर ब्रेकचा जोर कमी पडला तर जिवावर बेतेल. घाटाच्या आखूड वळणावरच हुंदका येत असेल, तर वाटीतले पेट्रोल बेताचे राखणारा तरंगता फ्लोट आणि त्याची पातळी तपासावी.

महाबळेश्वरच्या पावसाळ्यातला एक प्रकार फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टच्या धुक्यात हवा गार असते, ओलाव्याने भरलेली असते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा आणखी बरीच थंड होते आणि थ्रॉटलच्या कडेला बर्फ धरतो. गाडी सकाळी चालू होते, काही मिनिटे चालते, स्लोला बंद पडते. मालक बॉनेट उघडून बघेपर्यंत इंजिनाच्या उबेने बर्फ वितळलेला असतो. पाच मिनिटांनी गाडी काही झालेच नव्हते अशी चालते. जुन्या गाड्यांच्या एअर क्लीनरला एक्झॉस्टजवळून गरम हवा ओढणारी नळी याचसाठी दिलेली असते, आणि नेमकी तीच काढून जाळीदार फिल्टर लावलेला अनेकदा दिसतो.

पहिली दोन मिनिटे

तापल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत ठिणगीच्या बाजूची कॉइल किंवा कंडेन्सर गेला, की पेट्रोल उकळले, हे गॅरेजमध्ये गाडी थंड झाल्यावर कळत नाही. पुरावा रस्त्यावरच असतो, आणि तो दोन मिनिटांत नाहीसा होतो. म्हणून गाडीत एक जादा प्लग बाळगावा. गाडी बंद पडताच, आसपास पेट्रोलचा वास किंवा गळती नाही याची खात्री करून, तो प्लग एका वायरला जोडावा, इंजिनाच्या धातूवर नीट टेकवावा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. ठिणगी निळी, जोरकस आली तर करंट ठीक. मग पेट्रोलकडे बघायचे. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर कार्बोरेटरला हातही लावू नये.

हे इतके ठासून सांगण्याचे कारण असे, की इकडे पहिला हात नेमका कार्बोरेटरला जातो. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात एकेकाळी ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे, आणि अशा स्कूटरींवर शिकलेल्या पिढीने जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोलचे बारीक छिद्र) साफ करून असंख्य गाड्या मार्गी लावल्या. स्कूटरच्या बाबतीत ती सवय योग्यच होती. पण दोन कार्बोरेटरच्या स्पोर्ट्स कारचे सगळे स्क्रू एकदा फिरले, की मूळ दोष तसाच राहतो आणि त्याच्यावर दुसरा दोष चढतो. स्क्रू फिरवायचाच असेल, तर आधी तो पूर्ण बसेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून वहीत लिहावे.

हवा ओढणे शोधताना कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या जोडांवर पिचकारीने पेट्रोल मारून गती वाढते का बघण्याची रीत आहे. ती करू नये. तापलेल्या एक्झॉस्टवर आग लागायला एक थेंब पुरतो. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे जोडांवरून फिरवले, की गळतीचा फुसफुसाट स्पष्ट ऐकू येतो; साबणाच्या पाण्याचा फवारा मारल्यावर स्लो बदलले तरी जागा सापडते. थ्रॉटलच्या दांड्याच्या झिजलेल्या बुशांकडे दुर्लक्ष करू नये. तिथली हवा कोणतेही गॅस्केट बदलून थांबत नाही. लेथवर नवी बुशे बसवावी लागतात.

एसयूमध्ये मिश्रण पाहण्याची सोय मूळ रचनेतच आहे. गरम इंजिन स्लोला असताना कार्बोरेटरमधला पिस्टन मिलिमीटरहून थोडा कमी उचलायचा. गती किंचित वाढून पूर्ववत झाली तर मिश्रण बरोबर. वाढतच राहिली तर दाट. इंजिन बंद पडू लागले तर पातळ.

ठिणगीच्या बाजूला पॉइंटचे अंतर, टायमिंग, डिस्ट्रिब्यूटर कॅपमधली ओल आणि चिरा, एवढे आधी. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे बघितले, तर फुटलेल्या हाय टेन्शन वायरमधून निसटणारा करंट डोळ्यांना दिसतो.

कॉम्प्रेशनची तपासणी कंटाळवाणी म्हणून शेवटी ढकलली जाते, पण जुन्या इंग्लिश गाड्यांत ती लवकर करावी. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली पूर्ण बंद झाले. बिडाच्या हेडमध्ये थेट कोरलेल्या व्हॉल्व्ह सीटना त्या शिशाचा आधार होता. तो गेल्यावर जोरात चालवलेल्या गाड्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये खचत जातो, टॅपेटची फट मिटते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक सिलिंडर स्लोला मरतो आणि रेस दिली की जागा होतो. अशा इंजिनाचे कार्बोरेटर दहा वेळा ट्यून केले तरी उपयोग शून्य. उपाय म्हणजे हेड काढून कडक पोलादाच्या सीट बसवणे.

इंजेक्शनच्या गाड्या

१९८९ च्या पहिल्या माझदा एमएक्स-५ सारख्या किंवा गोव्यात बांधल्या गेलेल्या सॅन स्टॉर्मसारख्या गाडीत कार्बोरेटर नाही, पण तर्क तोच. एमएक्स-५ च्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनात हवा मोजणारी एक हलती झडप असते. तिच्या पुढे, थ्रॉटलपर्यंतच्या रबरी नळीला चीर गेली, तर न मोजलेली हवा आत जाते आणि गाडी स्लोला गुदमरते. चीर अनेकदा नळीच्या घड्यांच्या तळाशी असते, वरून दिसत नाही. नळी काढून वाकवूनच बघावी. त्यानंतर स्लो सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हमधला कार्बन, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आणि बॅटरीची अर्थिंग. स्कॅनर लावण्याची आजची सोय या वयाच्या गाड्यांत बहुधा नसते.

पीयूसीची चिठ्ठी

पीयूसी तपासणी आयडलिंगलाच होते, त्यामुळे ती चिठ्ठी म्हणजे जवळजवळ फुकटचा निदान-अहवाल आहे. भारत स्टेज २ पूर्वीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. पास-नापास बघून चिठ्ठी डॅशबोर्डात टाकू नये, आकडे वाचावेत. मोनॉक्साइड जास्त तर मिश्रण दाट. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन मात्र भरमसाट, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे. म्हणजे मिसिंग, आणि ते ठिणगीमुळे किंवा हवा ओढल्यामुळे.

उंची आणि इथेनॉल

व्हॅक्यूम गेज हे स्लोच्या निदानाचे उत्तम साधन, पण त्यासोबतच्या तक्त्यातले आकडे समुद्रसपाटीचे असतात. निरोगी इंजिन तिथे साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवते. दर हजार फूट उंचीला एक इंच वजा करावा लागतो. म्हणजे साताऱ्यात सुमारे अडीच इंच आणि महाबळेश्वरात जवळपास साडेचार इंच कमी दिसणारच. महाबळेश्वरात १५ इंच दाखवणारे साधे इंजिन धडधाकट असू शकते. तक्ता बघून त्याचे टायमिंग हलवणे ही चूक ठरेल. स्पोर्ट्स कॅम असलेल्या इंजिनाचा आकडा मुळात याहूनही खाली असतो, म्हणून गाडी चांगली चालत असतानाच तो एकदा नोंदवून ठेवावा. आकड्यापेक्षा काट्याकडे बघावे: तो ठरावीक तालात झटका खात असेल तर एखादा व्हॉल्व्ह किंवा प्लग, सैरभैर हलत असेल तर मिश्रण.

२०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले, तसा या विषयात नवा हिशेब शिरला. उसाच्या या पट्ट्यात इथेनॉल परके नाही, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि फ्लोटच्या सुईची रबरी टोके त्याने फुगतात किंवा ठिसूळ होतात. टाकीतला जुना गंज-चिकटा सुटून फिल्टर आणि जेटमध्ये येतो. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या गाडीत पाणी-इथेनॉलचा थर तळाशी वेगळा पडू शकतो, आणि पिकअप पाइप तर तळाशीच असतो.

मिश्रणाचे प्रमाणही बदलते. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, या २० टक्के मिश्रणाला साडेतेरापट. म्हणजे पेट्रोलसाठी ठरवलेल्या जेटला हे मिश्रण साधारण ८ टक्के पातळ पडते. उलट उंचीवरची विरळ हवा कार्बोरेटरचे मिश्रण दाट करते, आणि महाबळेश्वरच्या उंचीला ते दाटपण ६ ते ७ टक्क्यांच्या घरात जाते. त्यामुळे मूळ जेट असलेली गाडी महाबळेश्वरात शांत उभी राहते, आणि आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला पोहोचली की स्लोला वर-खाली होऊ लागते. ती घाटात बिघडलेली नसते. तिथे मिश्रण एक-दोन सपाट्या (जेटच्या षट्कोनी नटाच्या बाजू) फिरवून दाट करून बघावे. स्लो बसले, तर कार्बोरेटर उघडण्याची गरज नाही.