ईदचा रोजा (इस्लामी विधिशास्त्रातील निषिद्ध रोजे)

वर्षातील ज्या दिवशी रोजा धरण्यास इस्लामी शरीयतने मनाई केली आहे, ते दिवस आणि त्यांविषयीचे नियम. रमजान ईद (१ शव्वाल) आणि बकरी ईद (१० जिल्हेज) या दोन दिवशी रोजा धरता येत नाही, याबाबत सुन्नी व शिया सर्व विधिपरंपरांचे एकमत आहे. बकरी ईदनंतरचे तीन दिवस, म्हणजे ११, १२ आणि १३ जिल्हेज, यांना ‘अय्यामे तश्रीक’ म्हणतात. तेही याच निषेधात मोडतात, मात्र त्यांना काही अपवाद आहेत आणि खरे मतभेद तेथेच सुरू होतात.

एकादशी, महाशिवरात्र, जन्माष्टमी अशा दिवशी सण आणि उपवास एकत्रच येतात, याची मराठी वाचकाला सवय असते. इस्लाममध्ये या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. रमजानचा महिनाभर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही न घेणे हे कर्तव्य, आणि महिना संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी तसेच उपाशी राहणे हा गुन्हा. काल जे पुण्य होते ते आज पाप कसे, याचे उत्तर फकीहांनी (विधिज्ञांनी) फार आस्थेने दिलेले आहे.

निषेधाचा मुख्य आधार हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेने आलेली नोंद) आहे. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी ईदच्या नमाजनंतरच्या खुतब्यात (प्रवचनात) सांगितले की, या दोन दिवशी रोजा धरण्यास पैगंबरांनी मनाई केली आहे : एक, तुमचे रोजे संपतात तो दिवस आणि दुसरा, तुम्ही आपल्या कुर्बानीचे मांस खाता तो दिवस. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. हजरत उमर यांनी दिवसांची नुसती नावे घेतली नाहीत, दिवसाची ओळख सांगताना कारणही सांगून टाकले. पहिल्या ईदला खाल्ले नाही तर रमजान संपल्याची खूणच उरत नाही. दुसऱ्या ईदला खाल्ले नाही तर कुर्बानी कशासाठी? तश्रीकच्या दिवसांबद्दल मुस्लिमच्या संग्रहात नुबैशा हुजली यांच्याकडून आलेली हदीस आहे. त्यानुसार हे खाण्यापिण्याचे आणि अल्लाहच्या स्मरणाचे दिवस आहेत.

सुन्नींच्या चार विधिपरंपरा आहेत : हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली. हनफी विधिज्ञांनी यातून पुढचा विचार मांडला. या दिवसांत माणसे अल्लाहची पाहुणी असतात. यजमानाने ताट वाढलेले असताना हात आखडून बसणे म्हणजे त्याचे आमंत्रण नाकारणे. त्यामुळे रोजा ही मुळात उत्तम उपासना असली तरी या दिवशी ती ‘मकरूह तहरीमी’, म्हणजे हरामच्या जवळची ठरते. शाफई, मालिकी आणि हंबली परंपरा सरळ हराम म्हणतात. रोजच्या आचरणात याने फरक पडत नाही, कारण दोन्हींनुसार रोजा धरायचा नाहीच. फरक पडतो तो नवसात, आणि त्याकडे पुढे येऊ.

निषेधाची दुसरी बाजू अनेकदा दुर्लक्षित राहते, आणि मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. ज्या दिवशी कोणी मुद्दाम उपाशी राहायचे नाही, त्या दिवशी नाइलाजानेही कोणी उपाशी राहू नये, अशी तजवीज त्याच शरीयतने केली आहे. रमजान ईदच्या नमाजआधी ‘सदका-ए-फित्र’ (बोलीत फितरा) द्यायचा असतो. ऐपत असलेल्या घरचा कर्ता स्वतःसाठी आणि लहान मुलांसाठी ठरावीक मापाचे धान्य, खजूर किंवा त्याची किंमत गरजूंना देतो. नमाजनंतर दिलेला फितरा साधा दानधर्म होतो, असे हदीस सांगते, कारण ईदची सकाळ उजाडताना गरिबाच्या घरात चूल पेटलेली असावी हा त्यामागचा हेतू आहे. बकरी ईदला कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करण्याची पद्धत आहे : एक घराचा, एक नातलग-शेजाऱ्यांचा, एक गोरगरिबांचा.

रमजान ईदच्या सकाळी काही खाल्ल्याशिवाय ईदगाहकडे निघायचे नाही, ही सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे. पैगंबर विषम संख्येत खजूर खाऊन मगच बाहेर पडत, असे त्यांचे सहकारी अनस इब्ने मालिक सांगतात. महाराष्ट्रात घरोघरी पहाटे शीरखुर्मा होतो. दूध, शेवया, खारीक, चारोळी, पिस्ते. नमाजला निघण्यापूर्वी त्यातले दोन घास किंवा निदान एक खजूर तोंडात टाकला जातो. बकरी ईदला उलटे आहे. त्या दिवशी नमाज होईपर्यंत काही न खाणे आणि मग कुर्बानीच्या मांसाने सुरुवात करणे पसंत केले जाते. काही जण याला अर्धा रोजा समजतात, पण तो रोजा नव्हे. त्याला नियत (संकल्प) लागत नाही, आणि सकाळी चहा घेतला तर पापही लागत नाही.

तश्रीकचे दिवस आणि हज

तश्रीकच्या तीन दिवसांचा अपवाद हाजींशी निगडित आहे. एकाच प्रवासात आधी उमरा (मक्केची छोटी यात्रा) आणि मग हज करणाऱ्याला (‘तमत्तु’ पद्धत, भारतातून जाणारे बहुतेक यात्रेकरू हीच स्वीकारतात) एक कुर्बानी द्यावी लागते. ती परवडत नसेल तर कुरआनच्या दुसऱ्या सूरेतील १९६ व्या आयतीनुसार दहा रोजे ठेवायचे : तीन हजच्या काळात आणि सात परतल्यावर. हे तीन रोजे ९ जिल्हेजपर्यंत राहून गेले तर काय करायचे? हजरत आयेशा (पैगंबरांच्या पत्नी) आणि इब्ने उमर (हजरत उमर यांचे पुत्र) यांच्या म्हणण्याप्रमाणे तश्रीकच्या दिवसांत रोज्याची मुभा फक्त अशाच हाजीला आहे. मालिकी आणि हंबली परंपरा हे मानतात. हनफी मानत नाहीत. त्यांच्या मते मुदत टळली की कुर्बानीच द्यावी लागते. इमाम शाफई यांचे आधीचे मत मुभा देणारे होते, नंतरचे मनाईचे आहे आणि त्यांच्या परंपरेत नंतरचेच प्रमाण मानले जाते. शिया इमामी विधिशास्त्रात तश्रीकची मनाई मिना (मक्केजवळचे हजचे एक ठिकाण) येथे असलेल्यांपुरती आहे.

दर चांद्रमासाच्या १३, १४ आणि १५ तारखेला नफल (ऐच्छिक) रोजे ठेवण्याची सवय असलेल्यांनाही याची झळ पोचते. जिल्हेजची १३ तारीख तश्रीकमध्ये येते, म्हणून त्या महिन्यात ती सोडावी लागते.

९ जिल्हेजबाबत मात्र गोंधळ नको. त्या दिवशी फजरपासून (पहाटेच्या नमाजपासून) प्रत्येक फर्ज (अनिवार्य) नमाजनंतर तकबीर (‘अल्लाहू अकबर’चा घोष) सुरू होते. त्यामुळे हाही निषिद्ध दिवस असावा, असे काहींना वाटते. वास्तविक तो अरफाचा दिवस, आणि हजला न गेलेल्यांसाठी वर्षातील सर्वांत पुण्यकारक नफल रोजा त्याच दिवशीचा. त्याने मागच्या आणि पुढच्या वर्षाच्या चुका माफ होतात, असे मुस्लिमच्या संग्रहातील हदीस सांगते. अरफातच्या मैदानात उभ्या असलेल्या हाजीने मात्र तो न धरणेच बरे. पैगंबरांच्या हजमध्ये त्या दिवशी त्यांचा रोजा आहे की नाही, यावरून लोकांत चर्चा सुरू झाली. तेव्हा उम्मुल फज्ल (पैगंबरांच्या काकू) यांनी त्यांच्याकडे दुधाचा प्याला पाठवला. पैगंबर उंटावर बसलेले होते. सर्वांच्या देखत त्यांनी दूध प्याले आणि वाद मिटला.

नवस आणि कफ्फारा

एक माणूस इब्ने उमर यांच्याकडे आला. त्याने ठरावीक वारी रोजा धरण्याचा नवस बोलला होता आणि तो वार नेमका ईदला आला होता. इब्ने उमर म्हणाले, अल्लाहने नवस फेडण्याची आज्ञा केली आहे आणि पैगंबरांनी या दिवशी रोज्याची मनाई केली आहे. याहून अधिक ते काही बोलले नाहीत. दोन आज्ञा समोरासमोर ठेवून थांबण्यात जो संयम आहे, तो पुढच्या काळातील भल्याभल्या ग्रंथांत सापडत नाही.

विधिज्ञांना मात्र निकाल द्यावाच लागला. शाफई आणि मालिकी मते ईदच्या रोज्याचा नवस मुळातच निरर्थक, कारण पापाचा नवस लागू होत नाही. हनफींच्या मते रोजा स्वतः पाप नाही, मनाई दिवसामुळे आली आहे. म्हणून नवस लागू होतो, पण त्या दिवशी रोजा न धरता दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याची कजा (भरपाई) करायची. या बारकाव्याला आणखी एक टोक आहे. एरवी सुरू केलेला नफल रोजा मोडला तर हनफी मते कजा लागते, पण ईदच्या दिवशी कोणी रोजा सुरू करून मोडला तर इमाम अबू हनीफा यांच्या मते काहीच लागत नाही, कारण तो मोडणे हेच त्याचे कर्तव्य होते.

कफ्फाऱ्याचे, म्हणजे प्रायश्चित्ताचे, सलग दोन महिन्यांचे रोजे ठेवणाऱ्याने तारखा आधीच पाहून घ्याव्यात. मध्ये ईद किंवा तश्रीक आली तर रोजा सोडावाच लागतो, आणि हनफी व शाफई मतानुसार सलगता तुटून मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हंबली परंपरा सवलत देते. ज्या दिवशी शरीयतनेच थांबवले, त्याने सलगता तुटत नाही, असे ती मानते.

शुक्रवार, आशुरा आणि इतर दिवस

शुक्रवार हा आठवड्याचा सण. बुखारीच्या संग्रहात पैगंबरांच्या पत्नी जुवैरिया यांची हकीकत आहे. शुक्रवारी त्यांचा रोजा होता. काल धरला होता का, असे पैगंबरांनी विचारले. नाही. उद्या धरणार आहात का? नाही. मग सोडा, असे त्यांनी सांगितले. म्हणून शाफई आणि हंबली मते फक्त शुक्रवार निवडून रोजा धरणे मकरूह (नापसंत) आहे. आदला किंवा दुसरा दिवस जोडला, किंवा अरफा शुक्रवारी आला, तर हरकत नाही. इमाम मालिक यांना एकट्या शुक्रवारच्या रोज्यात काही गैर वाटले नाही.

१० मोहरमचा आशुरा हा मदिनेतील यहुद्यांचा रोजा होता. मूसा आणि त्यांच्या लोकांची फिरऔनपासून (इजिप्तच्या राजापासून) सुटका झाली म्हणून ते तो पाळत. पैगंबरांनीही तो धरला आणि धरण्यास सांगितले. रमजान फर्ज झाल्यावर तो ऐच्छिक झाला. सुन्नी परंपरेत ९ किंवा ११ तारीख जोडून दोन रोजे धरतात. शियांसाठी तो करबलाचा, इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा दिवस, दुःखाचा. बहुतेक शिया विधिज्ञ त्या दिवशीचा पूर्ण रोजा मकरूह मानतात. रोज्याची नियत न करता अस्रपर्यंत (दुपारनंतरच्या नमाजच्या वेळेपर्यंत) अन्नपाण्यापासून दूर राहायचे आणि मग थोडे काही घ्यायचे, अशी ‘फाका’ची रीत आहे.

इतर धर्मांच्या सणांचा प्रश्नही जुन्या फिक्हमध्ये (विधिशास्त्रात) आहे, आणि तेथे उदाहरण म्हणून इराणी नवरोज आणि मेहरगान येतात. केवळ तो सण आहे म्हणून त्या दिवशी रोजा धरणे हनफी व हंबली ग्रंथ मकरूह मानतात. नेहमीच्या सोमवार-गुरुवारच्या रोज्यात तो दिवस सहज आला तर काही बिघडत नाही.

ईद-ए-मिलादला (१२ रबिउलअव्वल) ‘ईद’ म्हणत असले तरी ती या निषेधात येत नाही. सोमवारच्या रोज्याबद्दल विचारले असता, त्या दिवशी माझा जन्म झाला, असे पैगंबरांनी म्हटले होते. मिलाद साजरी करणारे अनेक जण याच आधारावर त्या दिवशी रोजा धरतात. ज्यांना ते मान्य नाही त्यांचा आक्षेप तारीख ठरवून घेण्याला असतो. शियांमध्ये तर ईद-ए-गदीरला (१८ जिल्हेज) रोजा धरणे पुण्याचे मानतात. मुंबईतील दाऊदी बोहराही त्या दिवशी रोजा धरतात.

चाँद आणि महाराष्ट्र

महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, कोकणी मुसलमान शाफई, आणि बोहरांचे कॅलेंडर गणिताने आधीच ठरलेले असते. त्यामुळे एकाच शहरात एका मोहल्ल्यात ईद आणि शेजारच्या मोहल्ल्यात रोजा असे घडू शकते. प्रत्येकासाठी आपल्या जमातीचा निर्णय लागू. चाँदची खबर उशिरा पोचली तर काय करायचे, याला पैगंबरांच्या काळातला दाखला आहे. बाहेरून आलेल्या स्वारांनी काल चाँद पाहिल्याची साक्ष दिली, तेव्हा रोजे तिथेच सोडायला सांगण्यात आले आणि ईदची नमाज दुसऱ्या सकाळी झाली.

१० जुलै २०२२ आणि २९ जून २०२३ या दोन्ही दिवशी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकत्र आल्या. महाराष्ट्रात ठिकठिकाणच्या मुस्लिमांनी त्या दिवशी फक्त नमाज पढून कुर्बानी पुढे ढकलली. हनफी मते १० ते १२ आणि शाफई मते १३ जिल्हेजपर्यंत कुर्बानी देता येत असल्याने तो निर्णय शरीयतच्या चौकटीतच होता. रोज्याची मनाई मात्र पुढे ढकलता येत नाही, ती तारखेलाच बांधलेली आहे.

आखातात नोकरी करणाऱ्यांपुढे वेगळाच पेच येतो. तेथे बहुधा भारतापेक्षा एक दिवस आधी महिना सुरू होतो. रमजानच्या शेवटी जो गावी येतो, त्याचे तीस पूर्ण झाले तरी येथे ईद नसेल, तर बहुतेक उलेमांच्या मते त्याने सर्वांबरोबर एकतिसावा रोजा धरावा. उलट भारतातून तिकडे गेलेल्याचे अठ्ठावीसच झाले आणि तेथे ईद उगवली, तर त्याने त्या दिवशी रोजा धरायचा नाही. सर्वांबरोबर ईद करायची आणि एक रोजा नंतर, २ शव्वालपासून पुढे केव्हाही, कजा म्हणून ठेवायचा.