आयटी : आधी प्राप्तिकर, मग संगणक

'मुलगा आयटीत आहे' म्हटलं की समोर लॅपटॉप दिसतो. 'काल त्यांच्याकडे आयटीवाले आले होते' म्हटलं की सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. अक्षरं दोनच, पण मराठी माणूस सहसा गोंधळत नाही, कारण 'आयटीत' म्हणजे नोकरी आणि 'आयटीची' म्हणजे नोटीस किंवा धाड, एवढं विभक्तीच सांगून टाकते. गंमत म्हणजे प्राप्तिकर खात्यातला माणूस स्वतः कधी 'मी आयटीत आहे' म्हणत नाही. तो 'इन्कमटॅक्सला आहे' म्हणतो. एकेकाळी ही अक्षरं त्याच्याच खात्याची होती, हे मात्र आता फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

१८५७च्या उठावाने सरकारी तिजोरी रिकामी झाली. ती भरण्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन आले. 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक सुरू करणारे ते हेच. त्यांनी १८६० च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकर मांडला आणि २४ जुलै १८६० पासून तो लागू झाला. खातं आजही २४ जुलैला 'प्राप्तिकर दिन' पाळतं. वर्षाला २०० रुपयांहून कमी मिळकत असणाऱ्यांना यातून सूट होती. विल्सन यांना मात्र आपल्या कराचं पुढे काय झालं ते पाहता आलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात त्यांचा मृत्यू झाला. कर पाच वर्षांपुरता होता, १८६५ मध्ये तो संपला, पुन्हा वेगवेगळ्या रूपांत आला आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा बसला. त्यानंतर १९२२ चा कायदा आणि मग १९६१ चा.

लघुरूप रुळलं ते या १९२२ च्या कायद्याच्या काळात. करविषयक निकाल छापणारं 'इन्कम टॅक्स रिपोर्ट्स' १९३३ मध्ये सुरू झालं आणि वकिलांच्या तोंडी ते 'आयटीआर' झालं. आज आपण विवरणपत्राला आयटीआर म्हणतो, तो दुसरा. २५ जानेवारी १९४१ ला अपील न्यायाधिकरण स्थापन झालं, ते 'आयटीएटी'. अधिकारी 'आयटीओ'. दिल्लीत तर प्राप्तिकर कार्यालयावरून एका अख्ख्या चौकालाच 'आयटीओ' नाव पडलं आणि पुढे तिथल्या मेट्रो स्थानकालाही तेच मिळालं. परगावच्या माणसाला तिथे सॉफ्टवेअर कंपन्या असतील असं वाटलं, तर त्याचा काय दोष?

संगणकवाल्यांच्या 'आयटी'चा जन्म त्या मानाने अलीकडचा. १९५८ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये हॅरॉल्ड लेव्हिट आणि थॉमस व्हिस्लर या दोघांनी लिहिलं की या नव्या तंत्राला अजून एकच असं ठरलेलं नाव नाही, आम्ही त्याला 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' म्हणू. नाव ठेवलं खरं, पण आपल्या कचेऱ्यांत ते पोचायला फार वर्षं गेली. बँकांत आणि सरकारी कार्यालयांत संगणकाच्या खोलीला 'ईडीपी', म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग', म्हणत. केंद्र सरकारात १९७० मध्ये खातं निघालं ते 'इलेक्ट्रॉनिक्स'चं. खुद्द प्राप्तिकर खात्याने संगणकीकरणासाठी १९८१ मध्ये वेगळं संचालनालय काढलं, तेव्हा त्याच्या नावात 'सिस्टिम्स' घातलं. कोणी ठरवून केलं असेल असं नाही, पण बरंच झालं. नाहीतर ते 'आयटीचं आयटी' झालं असतं!

अक्षरांची मालकी बदलली ती दोन-तीन वर्षांत. मे १९९८ मध्ये माहिती तंत्रज्ञानावर राष्ट्रीय कृती दल नेमलं गेलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये स्वतंत्र मंत्रालय आलं आणि ते प्रमोद महाजनांकडे गेलं. जून २००० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि १७ ऑक्टोबर २००० पासून तो लागू झाला. त्या दिवसापासून देशात दोन 'आयटी अ‍ॅक्ट' झाले. सीएला विचारा, तो १९६१ चा सांगेल. सायबर गुन्ह्यांचे खटले लढवणाऱ्या वकिलाला विचारा, तो २००० चा.

खरा घोळ कलमांच्या आकड्यांत आहे. १९६१ च्या कायद्यातलं कलम '६९ए' म्हणजे हिशेब देता न आलेला पैसा, सोनं, दागिने. २००० च्या कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेलं '६९ए' म्हणजे संकेतस्थळं आणि अ‍ॅप बंद करण्याचा सरकारचा अधिकार. जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप बंद झाली ती याच कलमाखाली. कलम ७९ चीही तीच कथा. एका कायद्यात ते भागधारक बदलल्यावर कंपनीचा जुना तोटा पुढे नेता येतो की नाही ते ठरवतं, दुसऱ्यात लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाला जबाबदार धरायचं की नाही ते. गुंतवणूकदारांच्या पैशावर समाजमाध्यमाचं अ‍ॅप चालवणाऱ्या एखाद्या नव्या कंपनीला दोन्ही लागू. तिच्या बैठकीत 'आयटी अ‍ॅक्टचं ७९' म्हटलं, तर आधी लेखापालाने मान वर करायची की वकिलाने?

ही जोडी आता फुटते आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा प्राप्तिकर कायदा घेतो. त्यात ८१९ कलमांची ५३६ झाली आणि सगळे आकडे नव्याने पडले. आधीच्या वर्षांची प्रकरणं मात्र जुन्याच कलमांनी चालायची, त्यामुळे काही वर्षं तरी दोन्ही '६९ए' निकालपत्रांत दिसत राहतील.