प्लाझ्मा दिलेली सलाईन: कॅन्सरवर ‘सेफ’ म्हणतात ते कुठून आलं?

चोपड्याहून आप्पांचा फोन आला, त्यांच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरत होता की जपानमध्ये प्लाझ्मावाली सलाईन निघाली, फक्त कॅन्सरच्या पेशी मरतात, बाकी शरीराला काही होत नाही. घरात तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट, परळच्या टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्या चालू, त्यामुळे असा मेसेज कोणी हसण्यावारी नेत नाही. आप्पांचा पहिला प्रश्न अहिराणीत, “हाई प्लाझ्मा करोनामा देत व्हतात तोच शे का?” नाही आप्पा, तो नाही.

हा घोळ शब्दाचाच आहे. एक रक्तातला प्लाझ्मा, जो करोनात बरे झालेल्यांकडून घेऊन दुसऱ्यांना देत होते आणि मे २०२१ मध्ये आपल्याकडच्या उपचाराच्या गाइडलाइनमधून काढून टाकला. गुडघ्यात आणि केसांच्या मुळाशी टोचतात ते पीआरपी, म्हणजे प्लेटलेट्स जास्त असलेला प्लाझ्मा, तेही रक्तातलंच. आणि तिसरा हा मेसेजमधला, वीज दिलेला गॅस. वेल्डिंगची ठिणगी, आकाशातली वीज, ट्यूबलाइटच्या आतलं चमकणारं, हे सगळं त्याच जातीचं. त्याला प्लाझ्मा हे नाव एका अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये दिलं, आणि सांगतात की त्याला रक्तातला प्लाझ्माच आठवला होता म्हणून. तेव्हा आपला गोंधळ होतो यात आपली चूक काही नाही.

जुना इतिहास पटकन उरकतो. विजेच्या डिस्चार्जने ओझोन बनवायचं यंत्र १८५७ चं. पोटाच्या दुर्बिणीतून रक्तस्राव जाळून थांबवायला आरगॉन गॅसचा प्लाझ्मा १९९० च्या दशकात आला, पण तो गरम. हाताला चटका न देणारा ‘थंड’ प्लाझ्मा जंतू मारतो हे त्याच दशकाच्या मधल्या वर्षांत दिसलं, मग २००० नंतर हॉलंडमध्ये सुईसारखा बारीक प्लाझ्मा करून पेशींवर प्रयोग झाले. २०१० मध्ये जर्मनीत ३६ जणांच्या चिघळलेल्या जखमांवर तो वापरून जंतू कमी झाल्याचं छापून आलं, आणि २०१३ पासून तिकडे अशा यंत्रांना सर्टिफिकेट मिळालं. ते सर्टिफिकेट कशासाठी ते ध्यानात ठेवा: कातडी आणि जखम, आणि तेही यंत्राला.

पण कॅन्सर बहुतेक वेळा कातडीवर नसतो. प्लाझ्माची ज्योत काही मिलिमीटरच्या पुढे आत जात नाही, आणि अंडाशयाचा किंवा जठराचा कॅन्सर पोटात पसरला की तो असतो आतड्यांच्या घड्यांत बारीक दाण्यांसारखा विखुरलेला, तिथे ज्योत फिरवणार कशी. म्हणून जपानच्या नागोया विद्यापीठातल्या लोकांनी उलटा विचार केला, की ज्योत आधी द्रवावर धरू आणि द्रव पेशींवर टाकू. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की असा द्रव मेंदूच्या ट्यूमरच्या पेशी मारतो आणि मेंदूतल्याच नॉर्मल पेशी त्या मानाने वाचतात. २०१३ मध्ये केमोला दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कॅन्सरवर, डिशमध्ये आणि उंदरात, परिणाम दिसला. इथून ‘सिलेक्टिव्ह’ हा शब्द चिकटला तो चिकटलाच, आणि मराठीत येता येता त्याचं ‘सेफ’ झालं.

आता माझं खरं दुखणं. मी काही वर्षं केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये मीडियम, म्हणजे रोपं वाढवायचं पोषक मिश्रण, बनवायचं काम केलंय. मीठ, साखर, व्हिटॅमिन, अगार, पीएच बघ, ऑटोक्लेव्ह कर, बाटल्या भर, रोज हेच. तिथे एक गोष्ट अंगात भिनते ती म्हणजे रोपाचं काही बिघडलं की आधी रोपाकडे नाही, मीडियमकडे बघायचं. त्या जपानी द्रवातलं ‘द्रव’ म्हणजेही असंच मीडियम होतं, पेशी वाढवायचं, तीसेक घटकांचं खिचडी प्रकरण. प्लाझ्मा त्यावर धरला की त्यात मुख्यतः हायड्रोजन पेरॉक्साइड आणि नायट्राइट-नायट्रेट तयार होतं, ज्योतीतले बाकीचे तिखट रॅडिकल, म्हणजे पटकन कशावरही तुटून पडणारे कण, डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी संपून जातात. आणि काही मीडियममध्ये पायरुव्हेट नावाचा घटक असतो जो पेरॉक्साइडला खाऊन टाकतो, काहींत नसतोच. डीएमईएम नावाचं मीडियम पायरुव्हेटसह मिळतं आणि त्याशिवायही मिळतं, आरपीएमआय मध्ये साधारण नसतं. वरून सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा निघणारा द्रव, घातलं की तेही पेरॉक्साइड खातं.

म्हणजे झालं काय, की बऱ्याच प्रयोगांत कॅन्सरच्या पेशी एका मीडियममध्ये आणि नॉर्मल पेशी दुसऱ्यात वाढवलेल्या होत्या, कारण प्रत्येक पेशीला तिचं ठरलेलं मीडियम लागतं, त्यात लबाडी कोणाची नाही. पण मग नॉर्मल पेशी वाचल्या त्या नॉर्मल होत्या म्हणून, की त्यांच्या मीडियमने विष आधीच पचवलं होतं म्हणून? २०१९ च्या सुमाराला युरोपात हाच प्रश्न धरून मीडियम सारखं करून बघितलं गेलं, आणि निघालं की सिलेक्टिव्हपणा पेशीचा प्रकार आणि मीडियम दोन्हींवर अवलंबून असतो, सरसकट दावा करता येत नाही. माझ्या मते या क्षेत्राच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि फॉरवर्डवाल्या मेसेजमध्ये नेमकी हीच नसते. दुसरी बाजूही सांगतो. काही कॅन्सर पेशींमध्ये पेरॉक्साइड फोडणारं कॅटलेज नावाचं एन्झाइम कमी असतं, काहींच्या आवरणातून पेरॉक्साइड आत शिरायला जास्त वाटा असतात, तेव्हा फरक अगदी खोटा आहे असंही नाही. फक्त तो ज्योतीच्या जादूचा नाही.

मीडियम माणसाच्या पोटात ओतता येत नाही, हे तर नागोयावाल्यांनाही माहीत होतं. म्हणून २०१६ मध्ये त्यांनी आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईन, घेतली, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातसुद्धा स्टँडला लटकलेली असते तीच बाटली. चार घटक, त्यातल्या लॅक्टेटवर प्लाझ्माचं काम मुख्यतः होतं असं दिसलं. जर्मनीत साध्या मिठाच्या सलाईनवरही प्रयोग झाले. हिशोब सोपा होता, बाटली आधीच मान्यताप्राप्त आहे तेव्हा अर्धी सेफ्टी घरातलीच. मला हा हिशोब पटत नाही. बाटली मान्य आहे ती ज्योत लावायच्या आधीची. साध्या सलाईनला आम्ल झेलायची ताकद नसते, म्हणून प्लाझ्मानंतर ती चांगलीच आंबट होऊ शकते. गॅसमध्ये ऑक्सिजन मिसळला की काही यंत्रं मिठातल्या क्लोराइडपासून ब्लीचच्या जातीचा पदार्थ करतात. नायट्राइट जास्त झालं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची क्षमता घटते. कोणतं यंत्र, कोणता गॅस, किती अंतर, किती मिनिटं, यातलं एक बदललं की बाटलीतला माल बदलला.

आणि पेरॉक्साइडचा स्वतःचा इतिहास आहे, तो काही चांगला नाही. गुडघा फुटला की कंपाउंडर ओतायचा आणि फस्सकन फेस यायचा, आठवतंय ना? तो फेस म्हणजे आपल्याच कॅटलेजने सोडवलेला ऑक्सिजन. उघड्या जखमेवर तो उडून जातो, पण बंद पोकळीत पेरॉक्साइड ओतल्यावर तोच गॅस रक्तवाहिनीत शिरून पेशंट दगावल्याच्या घटना डॉक्टरी मासिकांत नोंदलेल्या आहेत. कॅन्सर बरा करतो म्हणून पेरॉक्साइड पिण्याचं आणि शिरेतून घेण्याचं खूळ अमेरिकेत जुनं, शेवटी २००६ मध्ये तिकडच्या औषध नियामकाला ३५ टक्क्यांच्या बाटल्यांविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. प्लाझ्मा दिलेल्या द्रवात पेरॉक्साइड त्याच्या कितीतरी पट पातळ असतं, दोन्ही एकाच पारड्यात टाकणं अन्यायाचं होईल. पण नातं आहे ते आहे.

जनुकांना धोका होतो का, नवीन कॅन्सर होतो का, यावर जर्मनीत बरंच काम झालं, कोंबडीच्या अंड्यावर, पेशींवर, उंदरांना वर्षभर ठेवून, आणि जखमेवर वापरायच्या आरगॉनच्या थंड प्लाझ्मा यंत्राबाबत धोका आढळला नाही. हे निकाल द्रवाच्या बाजूने सर्रास दिले जातात. पण तिथे ज्योत कातडीवर फिरवलेली होती, लिटरभर द्रव पोटात ओतलेला नव्हता. तसंच अमेरिकेत ऑपरेशननंतर उरलेल्या जागेवर थंड प्लाझ्मा मारून बघायचा छोटा अभ्यास २० पेशंटवर झाला, तोही ज्योतीचा. आप्पांच्या मेसेजमध्ये हे दोन्ही ‘प्लाझ्मा सलाईन सेफ’ या एकाच ओळीत कोंबलेलं होतं.

कागदोपत्रीही गंमत आहे. यंत्र हे यंत्र, आपल्याकडे त्याला २०१७ चे मेडिकल डिव्हाइसचे नियम. पण त्यातून निघालेली बाटली पोटात गेली की माझ्या समजुतीने ती औषध, आणि नव्या औषधाच्या चाचणीला २०१९ चे नियम. म्हणजे यंत्राचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून बाटलीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. वर ही बाटली टिकाऊ नाही, ठेवली की हळूहळू असर उतरतो, उणे ८० वर गोठवली तर जास्त टिकते. आता असा फ्रीझर चोपड्यात कुठे आहे ते मला सांगा.

अलीकडे त्या क्षेत्रातलेच काही लोक ‘प्लाझ्मा-अ‍ॅक्टिव्हेटेड’ सोडून ‘ऑक्सिडाइज्ड सलाईन’, म्हणजे पेरॉक्साइडसारखी रसायनं तयार झालेली सलाईन, असं लिहायला लागलेत. आप्पांना मी तेच नाव सांगितलं. ते थोडं थांबले, मग म्हणाले, अच्छा, म्हणजे सोमवारी परळला जायचंच.