विद्यार्थी चळवळींची कागदपत्रे

महाविद्यालये, विद्यापीठे आणि वसतिगृहांतील संघटना, मोर्चे, निवडणुका यांतून तयार झालेले, पण जपून ठेवायचे म्हणून कुणीही न लिहिलेले कागद. पत्रके, भित्तिपत्रके, सायक्लोस्टाइल केलेली (स्टेन्सिलवरून छापलेली) परिपत्रके, निवेदनांच्या कार्बन प्रती, बैठकांच्या वह्या, वर्गणीची पावतीपुस्तके, शिबिरांचे फोटो, बिल्ले आणि कापडी फलक एवढे सगळे त्यात मोडते.

विद्यार्थ्यांची एक पिढी जेमतेम तीन ते पाच वर्षांची. सरचिटणीस शेवटचा पेपर देऊन गावी जातो आणि खाटेखालची ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. त्यामुळे संघटनेचे कागद तिच्या स्वतःच्या कार्यालयापेक्षा तिच्यावर नजर ठेवणाऱ्यांकडे जास्त टिकतात. १९०५ मध्ये विदेशी कपड्यांच्या होळीनंतर फर्ग्युसन महाविद्यालयाने वि. दा. सावरकरांना १० रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. २२ जुलै १९३१ रोजी तिथल्याच वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. अशा घटनांचा सरकारी माग मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात गृह खात्याच्या ‘विशेष’ फायलींतून काढावा लागतो. फायली इंग्रजी असल्याने एकाच आडनावाची चार-पाच रोमन रूपे करून शोध घ्यावा. खबऱ्याने दिलेला गर्दीचा आकडा मात्र वर्तमानपत्राशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

संग्रहांत दोन मोठी भगदाडे हमखास दिसतात. पहिले आणीबाणीचे (जून १९७५ ते मार्च १९७७): झडतीच्या भीतीने अनेकांनी आपले कागद स्वतःच जाळले. दुसरे शांतपणे पडले. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी मतदानाऐवजी गुणवत्तेवर नेमले जाऊ लागले. निवडणूक संपली तशी उमेदवारांची पत्रकेही संपली.

खरी डोकेदुखी तारखेची. ‘शुक्रवार, ता. १४ जानेवारी, सकाळी १० वाजता गेटसभा’ एवढेच छापलेले असते, साल नसते. वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. वार आणि तारीख यांची जोडी ५, ६ किंवा ११ वर्षांनी पुन्हा येते. या पत्रकाला १९७७, १९८३, १९९४ आणि २००० ही चारही साले चालतात. मग मजकूर चाळायचा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्रक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. नुसते ‘पुणे ३०’ (जुना टपाल विभाग क्रमांक) असेल तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण लोक पुढेही वर्षानुवर्षे तसेच लिहीत राहिले. विद्यापीठाचे नाव जास्त भरवशाचे. ‘सावित्रीबाई फुले’ हे नाव पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये मिळाले. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा, पण नामांतरवादी, म्हणजे विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्या म्हणणारे, त्याआधीपासूनच ते नाव लावून लिहीत. म्हणून इथे नाव कुणी छापले आहे हेही पाहावे लागते. तळाशी मुद्रणालयाचे नाव कायद्याने बंधनकारक होते. ते गाळलेले असेल तर पत्रक बहुधा चोरून छापलेले. काढलेले साल चौकटी कंसात लिहावे आणि ते कशावरून काढले तेही नोंदवावे.

नामांतराचे प्रकरण संग्राहकाची खरी परीक्षा घेते. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव केला, मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि प्रत्यक्ष निर्णयाला पुढे साडेपंधरा वर्षे लागली. संग्रह बहुधा नामांतरवाद्यांनी जमवलेले असतात. विरोधी विद्यार्थ्यांची पत्रके त्यांत नसतात आणि आज ती कुणी आपण होऊन दाखवतही नाही. ती मागून मिळवली पाहिजेत. नाहीतर भांडण कशावरून पेटले होते तेच कळत नाही.

गठ्ठा हाती आला की आधी त्याचा आहे तसा फोटो घ्यावा आणि क्रम मोडू नये. पावतीपुस्तकात खोचलेले पत्रक बहुधा त्याच वर्गणीचे असते. गंजलेल्या स्टेपलचे पाय बोथट पात्याने सरळ करून ती पुढच्या बाजूने ओढावी. पिना उपटायच्या चिमट्याने कागद फाटतो. क्रमांक मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात घालावा, शिक्का मारू नये. सायक्लोस्टाइलचा कागद शाई शोषणारा आणि आम्लयुक्त असल्याने घडीवर तुटतो. तो उलगडून आम्लमुक्त फोल्डरमध्ये सपाट ठेवावा, एका फोल्डरमध्ये वीस-पंचवीस ताव पुरेत. झेरॉक्स प्रती पीव्हीसीच्या पिशवीत घातल्या तर अक्षरे पिशवीला चिकटून येतात. जांभळ्या शाईच्या प्रतींना ‘ऊन दाखवणे’ म्हणजे त्या पुसून टाकणे. सर्वांत जास्त नुकसान मात्र लॅमिनेशन आणि सेलोटेपने होते, आणि ते बहुतेकदा आस्थेपोटीच केलेले असते. कोकणपट्टीत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि ६५ च्या पुढे बुरशी धरते; म्हणून कपाट भिंतीपासून सुटे आणि जमिनीपासून वीतभर उंच असावे.

स्कॅन ३०० डीपीआयला, फोटोंसाठी ६००. मूळ प्रत टिफमध्ये, वाचायला पीडीएफ. पाठकोरी बाजूही घ्यावीच: चहाचा हिशेब, ट्रकचे भाडे, कुणी किती पोस्टर चिकटवायची याची वाटणी तिथेच सापडते.

सदस्य याद्या वेगळ्या ठेवाव्यात. त्यांत नाव, जात, गावचा पत्ता आणि कधी अटकेचा तपशीलही असतो, आणि त्यातली बरीच माणसे हयात आहेत. अशी यादी संकेतस्थळावर चढवू नये. वाचकाला ती संग्रहातच, वापराच्या अटींवर सही घेऊन दाखवावी.