पंचवीस मिनिटांचा टोमॅटो

घरून एकट्याने काम करणारा कुणीही घ्या, त्याच्या आसपास एखादा टायमर सापडतोच. कुणाचा फोनमध्ये, कुणाचा ब्राउझरच्या टॅबमध्ये, कुणाचा खरोखरचा, पिळला की टिकटिकणारा. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. या पद्धतीचं नाव पोमोडोरो. इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो.

हे नाव पडलं १९८०च्या दशकाच्या अखेरीस. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा इटालियन विद्यार्थी तेव्हा विद्यापीठातल्या सुरुवातीच्या वर्षांत होता. पुस्तक समोर, परीक्षा जवळ, आणि डोक्यात काही शिरत नाही. त्याने स्वतःशीच पैज लावली: फक्त दहा मिनिटं मी खरोखर अभ्यास करू शकतो का? पंच म्हणून स्वयंपाकघरातला टायमर आणला, तो टोमॅटोच्या आकाराचा होता. पैज पहिल्या झटक्यात जिंकली नाही, असं त्यानेच लिहून ठेवलंय. दहाची २५ मिनिटं पुढे बरेच प्रयोग केल्यावर झाली. म्हणजे २५ हा काही मेंदूच्या शास्त्रातून आलेला आकडा नाही, वापरून वापरून बसलेला आहे. तो पाळला नाही तर पाप लागतं अशा थाटात बोलणारे लोक भेटतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मूळ पद्धतीतलं खरं काम टायमरपेक्षा कागद-पेन्सिल करते. आज काय करायचं त्याची यादी. एक टोमॅटो, म्हणजे २५ मिनिटांची एक फेरी, पुरा झाला की त्या कामापुढे फुली. मध्येच आपल्यालाच काहीतरी आठवलं (गॅस सिलेंडर नोंदवायचा राहिला, अमक्याला मेसेज टाकायचा होता) तर फुलीच्या जागी एक बारीक खूण करायची, आठवलेलं काम खाली लिहायचं आणि पुढे चालू लागायचं. दुसऱ्या कुणी अडवलं तर त्याची खूण वेगळी. टोमॅटो अर्धा होत नाही. मध्ये सुटला तर तो बाद, पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभर कागद जपून ठेवला की एक गंमत दिसते: बाहेरच्यांच्या खुणा थोड्या, आपल्या स्वतःच्याच जास्त. निदान माझ्या कागदावर तरी तसंच निघालं. टायमर मी भाषांतराच्या टेबलावर ठेवतो. तो वाजला की आई आतून विचारते, "काय शिजत होतं रे?"

कामाला घड्याळ लावण्याचा प्रकार अर्थातच चिरिल्लोच्या फार आधीचा. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याने १९व्या शतकाच्या शेवटी स्टॉपवॉच हातात घेऊन पोलादाच्या कारखान्यात मजुरांची एकेक हालचाल मोजली. त्याच्या १९११च्या पुस्तकात श्मिट नावाने एक मजूर येतो. बेथलेहेम स्टीलमध्ये हा माणूस सुमारे ४२ किलोचे बिडाचे ठोकळे उचलून रेल्वेच्या वाघिणीत चढवायचा, दिवसाला साडेबारा टन. टेलरच्या माणसाने त्याच्या शेजारी उभं राहून सांगायचं: आता उचल, आता चाल, आता बस. बसायचं म्हणजे बसायचंच, कारण एवढं वजन हातात घेऊन माणूस दिवसाचा ४३ टक्केच वेळ राहू शकतो, असा टेलरचा हिशेब. दिवसाचा आकडा साडेसत्तेचाळीस टनांवर गेला, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. ही कथा टेलरने बरीच रंगवली होती, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलंय. पण काम आणि विश्रांती यांच्या ठरीव फेऱ्या इथे आहेतच, फक्त घड्याळ दुसऱ्याच्या हातात. १९११च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात मजुरांनी या स्टॉपवॉचपायी संप केला. प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेलं, आणि लष्करी कारखान्यांत स्टॉपवॉच वापरायला काही वर्षांत बंदी आली.

टेलरच्याच पुस्तकात एक ओळ जाता जाता येते: हा श्मिट सकाळी कामावर जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी सुटल्यावर, स्वतःच्या छोट्या जागेवर स्वतःच्या घराच्या भिंती उभारत होता. त्या कामाला किती मिनिटं लागली, ते कुणी मोजलं नाही.

आपल्याकडे २५ मिनिटांच्या अगदी शेजारचं एक माप फार जुनं आहे. घटका म्हणजे २४ मिनिटं. ६० पळांची एक घटका, ६० घटकांचं अहोरात्र. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. ती भरून बुडाली की घटका झाली. लग्नाच्या मुहूर्तासाठी जोशीबुवा हे घटिकापात्र लावून बसत. 'तास' हा शब्दसुद्धा वेळ सांगायला ठोकायच्या धातूच्या थाळीवरून आलेला. घटकेत आणि टोमॅटोत एका मिनिटाचं अंतर आहे म्हणून 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असं कुणी लिहील, तर त्यात तथ्य नाही. घटका आकाशाच्या हिशेबातून आली, एकाग्रतेशी तिचा संबंध नव्हता. भाषेत तर ती उलटीच उरली: 'घटकाभर टेका', 'घटकाभर करमणूक'. कामाची घटका कुणी म्हणत नाही.

चिरिल्लोचं टिपण २००६च्या सुमारास इंटरनेटवर फुकट मिळू लागलं आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ते उचललं. मग ते फोनमध्ये शिरलं. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८मध्ये सुरू झालं, आणि २००९मध्ये ॲप बंद असतानाही हाक मारणारी पुश नोटिफिकेशन आयफोनवर आली. टायमर आणि व्यत्यय एकाच पेटीत राहायला आले. त्यावरचे उपायही लगेच निघाले. नॉर्थ कॅरोलायनात पीएचडी करणाऱ्या फ्रेड स्टट्झमनने २००८मध्ये फ्रीडम नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. तो ठरावीक वेळ इंटरनेट तोडायचा, आणि मध्येच सोडवायचं तर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. तेवढी लाज पुरेशी व्हायची. तैवानहून २०१४मध्ये आलेल्या फॉरेस्ट या ॲपमध्ये पडद्यावर झाड लावायचं. ॲप सोडून बाहेर पडलात की झाड मरतं. २०१८मध्ये ॲपलने स्क्रीन टाइम आणि गूगलने डिजिटल वेलबीइंग आणलं. व्यत्यय ज्या फोनवर येतो तो फोन बनवणारेच आता त्याचा हिशेबही दाखवू लागले.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. त्यांच्यातले काही अभ्यासापुरता स्मार्टफोन बॅगेत टाकतात आणि टेबलावर साधा, बटणांचा फोन ठेवतात. त्यातही टायमर असतो. चिरिल्लो स्वतः अजून पिळायच्या टायमरचीच शिफारस करतो: हाताने पिळ दिला की आपण काम सुरू केल्याचं आपल्यालाच कळतं, म्हणे. माझा टायमर आधी शेवटपर्यंत पिळून मग २५वर मागे आणावा लागतो, नाहीतर वाजत नाही. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोपर्यंतचे दोन दिवस मी घंटेची वाट बघत सलग दीड-दीड तास काम केलं होतं.