सीमाशुल्क संघ

आपसांतील मालावरची जकात काढून टाकायची आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांनी एकाच दराने शुल्क घ्यायचे, असा शेजारी देशांचा करार म्हणजे सीमाशुल्क संघ. मुक्त व्यापार क्षेत्रात फक्त पहिली अट असते. त्यामुळे तिथे माल मूळ कोणत्या देशाचा याचा दाखला लागतो. नाहीतर परका माल सर्वांत कमी दराच्या देशातून आत शिरतो. संघात बंदरावर एकदा शुल्क भरले की ही विचारपूस संपते, निदान कागदावर तरी.

वाटाघाटी अडतात त्या बाहेरच्या दरावर. सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल, चादरी विणणाऱ्या कारखानदाराला परदेशी सूत स्वस्त हवे असते. सूतगिरणीला त्याच सुतावर शुल्क हवे असते. हे एकाच गावातले दोन पक्ष. त्यातून शेजारी देशात सूतगिरणीच नसेल, तर दुसऱ्याच्या गिरण्यांसाठी त्याने महाग सूत का घ्यावे? केनिया, युगांडा व टांझानिया यांच्या पूर्व आफ्रिकी समुदायाने २००५ मध्ये संघ सुरू करताना कच्च्या मालावर ०, अर्धतयार मालावर १० आणि तयार मालावर २५ टक्के असे तीन टप्पे ठरवले. केनियाचे कारखाने वरचढ होते, म्हणून युगांडा व टांझानियाने केनियाच्या काही मालावरचे शुल्क पाच वर्षांत हळूहळू उतरवण्याची सवलत मिळवली.

दुसरा प्रश्न पैशांच्या वाटणीचा. १८३४ च्या जर्मन जकात संघाने उत्पन्न लोकसंख्येनुसार वाटले. १९१० पासून चालत आलेल्या, आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांच्या सीमाशुल्क संघात सीमाशुल्काचा वाटा आता सभासदांच्या आपसांतील आयातीवरून ठरतो. लेसोथो आणि इस्वातिनी या छोट्या सभासद देशांच्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग याच वाट्यावर उभा असतो.

जकातीची सरहद्द सोलापूरने घराजवळच पाहिली आहे. शहर मुंबई इलाख्यात. पण नळदुर्ग, तुळजापूर निजामाच्या राज्यात, म्हणजे मोगलाईत. कंपनीच्या मुलखातून हैदराबादेत जाणाऱ्या मालावर १८०२ च्या व्यापारी तहाने शेकडा ५ जकात ठरली होती, आणि निजामाचे करोडगिरी म्हणजे जकात खाते ती वसूल करी. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले, तरी अशी जकात आपोआप रद्द झाली नाही. संविधानाच्या कलम ३०६ ने ‘ब’ भागातील राज्यांना, म्हणजे हैदराबादसारख्या पूर्वीच्या संस्थानांना, केंद्राशी करार करून ती जास्तीत जास्त १० वर्षे चालू ठेवण्याची मुभा दिली. कलम २७८ ने बुडणाऱ्या महसुलापोटी केंद्राच्या मदतीची सोय केली. एकाच देशात ही तऱ्हा, तर सार्वभौम देशांनी वर्षानुवर्षे घासाघीस केली यात नवल नाही. दोन्ही कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने गेली.

गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या कलम २४ नुसार संघाचे शुल्क बाहेरच्या देशांना एकंदरीत पूर्वीपेक्षा जड पडता कामा नये. अर्थतज्ज्ञ जेकब व्हायनर यांनी १९५० मध्ये दाखवले की संघामुळे नवा व्यापार निर्माण होतो तसाच जुना स्वस्त पुरवठादार सोडून महाग सभासदाकडेही वळतो.

दक्षिण आशियात सार्क या तिथल्या देशांच्या संघटनेचा, २००६ पासून लागू असलेला साफ्टा हा करार मुक्त व्यापार क्षेत्रापुरताच आहे. सार्कच्या तज्ज्ञगटाने १९९८ मध्ये २०१५ पर्यंत सीमाशुल्क संघ सुचवला होता. पण भारताची अर्थव्यवस्था बाकी सर्वांच्या बेरजेहून मोठी, तेव्हा सामाईक दर बव्हंशी दिल्लीचाच ठरणार. आणि नेपाळच्या तिजोरीत सीमाशुल्काचा वाटा मोठा, म्हणून ते सोडणे त्याला जड. २०१५ उलटले, साफ्टा आहे तिथेच आहे, तोही सवलतीतून वगळलेल्या मालाच्या लांबलचक याद्यांसह.