सॅन फ्रान्सिस्कोला जायचं, पण कुठल्या बाजूनं?

आमच्या शेजारच्या काकू पहिल्यांदाच मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला निघाल्या होत्या. पुण्याहून दिल्ली, तिथून पुढे थेट विमान. भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "अमेरिका तर डावीकडे आहे, मग विमान उजवीकडे जपानच्या बाजूनं का जातं रे?" मी अप्पा बळवंत चौकातून आणलेला पृथ्वीगोल त्यांच्यापुढे ठेवला आणि शिवणाचा दोरा मागितला.

दोऱ्याचं एक टोक पुण्यावर धरलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणला. तो ना अरबी समुद्रावरून गेला, ना जपानवरून. हिमालय ओलांडून सायबेरिया, मग आर्क्टिक महासागर, अलास्का आणि खाली कॅलिफोर्निया! हा सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे १३,५०० किलोमीटरचा. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग भलताच ताणला जातो, म्हणून नकाशावर हाच मार्ग उगाच वळसा घेतल्यासारखा दिसतो.

पण जवळचा मार्ग म्हणजे लवकर पोचवणारा मार्ग नव्हे. मला या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरनं वाढून १५,३०० झालं, तरी ते साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास लवकर पोचलं.

"पृथ्वी फिरते ना, त्यामुळे असेल," काका म्हणाले. पुष्कळांना असंच वाटतं. पुण्याची जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे धावते हे खरं, पण तिच्यासोबत हवाही धावते. डेक्कन क्वीनमध्ये बसून शेंगदाणा वर उडवला तर तो मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, आपल्याच हातात येतो. तसंच हे.

वेळ वाचवतो तो वारा. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. ताशी ९०० किलोमीटरनं हवा कापणाऱ्या विमानाला मागून १५० चा वारा मिळाला, तर जमिनीच्या हिशेबानं ते १,०५० नं जातं. तोच वारा समोरून आला तर उरतात ७५०. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात हे वारे फुगे सोडून मोजले आणि निष्कर्ष एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या, मोजक्याच लोकांना येणाऱ्या भाषेत छापले. ते फारसे कोणी वाचलेच नाहीत! आपल्या पुण्यातल्या सिमला ऑफिसवरून, म्हणजे हवामान खात्याच्या कचेरीवरून जाताना मला हटकून त्या फुग्यांची आठवण होते, कारण हे खातं आजही वरचा वारा मोजायला हवेत फुगे सोडतं.

"मग परत येताना?" काकूंनी लगेच विचारलं. येताना हा वारा तोंडावर, त्यामुळे त्याला चुकवायची धडपड. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरुला आलेलं पहिलं थेट विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. कॅप्टन झोया अगरवाल यांच्यासह चारही वैमानिक महिला होत्या.

पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुवाच्या जागी आसाची खिळी असते. काकूंनी दोरा पुन्हा हातात घेतला आणि त्या खिळीवरून अलगद खाली आणला.